नोकरनाम्यावरची जबाबदारी : मद्यालयाच्या व्यवस्थापकाचे कायद्यातील स्थान

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव महाराष्ट्राच्या उत्तर कडेवर वसलेले आहे. तुमसरहून गोबरवाहीमार्गे येणारा रस्ता येथून पुढे बावनथडी नदी ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या कटंगीकडे जातो, भोवती वनखात्याचे नाकाडोंगरी परिक्षेत्र पसरलेले आहे आणि जवळच डोंगरी बुजुर्ग येथे मॉइल या सार्वजनिक कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. खाणमजूर, मालमोटारींचे चालक, मोहफुले व तेंदूपत्ता वेचणारी कुटुंबे आणि दोन राज्यांमध्ये रोज ये-जा करणारे लोक अशा संमिश्र वस्तीच्या टापूत एखादी परमिट रूम, बिअर बार किंवा देशी दारूचे दुकान चालवणे हा शहरातील हॉटेल व्यवसायापेक्षा कायदेशीर दृष्ट्या अधिक गुंतागुंतीचा व्यवहार ठरतो, कारण येथे नदीच्या एका तीरावर एक मद्यकायदा आणि दुसऱ्या तीरावर दुसरा लागू असतो. हा व्यवहार ज्याच्या हातून प्रत्यक्ष घडतो तो बहुधा मालक नसतो. गल्ल्यावर बसणारा, साठ्याची नोंद ठेवणारा, गिऱ्हाईक कोण आहे हे पाहून पेला भरू देणारा किंवा अडवणारा माणूस म्हणजे व्यवस्थापक. त्याच्यावर कायदा कोणकोणत्या जबाबदाऱ्या टाकतो, त्या कोणत्या कायद्यांतून येतात आणि त्या पार पाडण्यासाठी लागणारा अधिकार त्याला मिळतो की नाही, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे.

नदीच्या दोन तीरांवर दोन कायदे कसे आले, याला इतिहास आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता, आणि त्या प्रदेशाला १९१५ चा अबकारी अधिनियम लागू होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ विदर्भापर्यंत वाढवण्यात आला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. बालाघाट जिल्ह्यात मात्र १९१५ चाच कायदा, अर्थात अनेक दुरुस्त्यांसह, अजून चालू आहे. दोन्ही कायद्यांच्या मूळ भूमिकेत मोठा फरक आहे. अबकारी कायद्याचा मुख्य हेतू मद्यविक्रीचे नियमन आणि त्यातून महसूल हा असतो, तर १९४९ चा अधिनियम बंदीपासून सुरुवात करतो आणि अनुज्ञप्ती, परवाना, पास यांच्या रूपाने त्या बंदीला अपवाद निर्माण करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात या अधिनियमाचा बहुतेक भाग वैध ठरवला, आणि १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे स्पष्ट केले. मद्यालयाची अनुज्ञप्ती ही त्यामुळे शासनाने अटींवर दिलेली सवलत आहे. अट मोडली की सवलत काढून घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे असतो, आणि अट पाळली गेली की मोडली गेली हे ज्या ठिकाणी ठरते तेथे व्यवस्थापक उभा असतो.

येथे शासकीय मराठीतील दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. ‘अनुज्ञप्ती’ म्हणजे मद्य विकण्यासाठी दुकानाला किंवा उपाहारगृहाला मिळणारे लायसन्स, आणि ‘परवाना’ म्हणजे मद्य पिणाऱ्या व्यक्तीला मिळणारे परमिट. अनुज्ञप्तीचे प्रकार नमुन्याच्या क्रमांकाने ओळखले जातात : जेथे बसून विदेशी मद्य पिता येते त्या परमिट रूमची एफएल-३, सीलबंद बाटल्या विकणाऱ्या दुकानाची एफएल-२, देशी दारूच्या किरकोळ विक्रीची सीएल-३. विदेशी मद्याची विक्री प्रामुख्याने १९५३ च्या विदेशी मद्य नियमांनी, तर देशी दारूची विक्री १९७३ च्या नियमांनी बांधलेली आहे, आणि या सर्वांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची देखरेख असते.

इतक्या तपशीलवार व्यवस्थेत ‘व्यवस्थापक’ या पदाला स्वतःची अशी जागा जवळजवळ नाही. अधिनियम मुख्यत्वे अनुज्ञप्तीधारकाला उद्देशून बोलतो आणि व्यवस्थापकाकडे ‘त्याच्या नोकरीतील व्यक्ती’ म्हणून पाहतो. कलम ७८ अनुज्ञप्ती तपासणीसाठी दाखवण्यात कसूर करणे किंवा तिच्या अटींचा जाणूनबुजून भंग करणे यासाठी धारकाला आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्या नोकराला सारखेच शिक्षेस पात्र ठरवते. कलम ७९ याच्याही पुढे जाते. नोकराने किंवा धारकाच्या स्पष्ट अथवा गर्भित संमतीने वागणाऱ्या व्यक्तीने केलेल्या अपराधाबद्दल प्रत्यक्ष अपराध्याबरोबर धारकही, जणू तो अपराध त्याने स्वतः केला असावा असा, जबाबदार धरला जातो. एकाच्या कृत्याचे उत्तर दुसऱ्याने द्यावे लागणे यालाच विधिशास्त्रात प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. मात्र याच कलमात धारकासाठी सुटकेची एक वाट आहे : अपराध घडू नये म्हणून सर्व योग्य आणि वाजवी खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध केले तर तो मोकळा होतो. या वाटेचा परिणाम व्यवस्थापकावर काय होतो, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. मालकाने भिंतीवर सूचनाफलक लावला, नोकरांकडून ‘नियम वाचले व समजले’ अशा मजकुराखाली सह्या घेतल्या आणि तो गावी राहिला नाही, तर त्याची खबरदारी कागदावर सिद्ध होते. प्रत्यक्ष अपराधी म्हणून उरतो तो सही करणारा व्यवस्थापक. मालकाचा बचाव जितका भक्कम, तितका व्यवस्थापक एकटा पडतो.

त्याचे कायदेशीर अस्तित्व एका कागदावर टिकलेले असते, आणि अबकारी व्यवहारात त्या कागदाला नोकरनामा म्हणतात. धारकाच्या वतीने मद्यविक्री करण्यास अमुक व्यक्तीला नेमले आहे, असे सांगणारा आणि उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागणारा हा लेख आहे. तपासणीस आलेला निरीक्षक किंवा दुय्यम निरीक्षक अनुज्ञप्ती, साठ्याची नोंदवही आणि नोकरनामा यांची मागणी करतो, आणि गल्ल्यावरच्या माणसाचे नाव नोकरनाम्यावर नसेल तर तेथील विक्री हाच अटीचा भंग ठरतो. जुना व्यवस्थापक सोडून गेला, नव्याचे नाव अजून कळवले गेले नाही आणि मधल्या दिवसांत धारकाचा भाचा किंवा ओळखीचा मुलगा गल्ला सांभाळतो, ही ग्रामीण भागात सहज घडणारी गोष्ट आहे, आणि त्या दिवसांत घडलेल्या प्रत्येक चुकीचे उत्तर मालकाला दुप्पट कठीण जाते. नोकरनाम्याची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. तो विकण्याचा अधिकार देतो. विक्री नाकारण्याच्या अधिकाराबद्दल, म्हणजे मालकाची नाराजी पत्करून गिऱ्हाईक परत पाठवण्याच्या मुभेबद्दल, तो काहीही सांगत नाही.

नाकारण्याचा पहिला प्रसंग वयाचा असतो. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे, आणि परमिट रूममध्ये पिणाऱ्याकडे मद्यसेवन परवाना असणे ही कायद्याची अपेक्षा आहे. हा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव असतो. विदेशी मद्याच्या एक दिवसाच्या परवान्याचे शुल्क ५ रुपये आणि देशीच्या परवान्याचे २ रुपये असे किरकोळ असल्यामुळे तो मागण्याची आणि देण्याची सवयच अनेक ठिकाणी मोडली आहे. वस्तुतः हा परवाना म्हणजे गिऱ्हाईकाचे वय विचारण्याची व्यवस्थापकाला मिळालेली सर्वांत सरळ संधी असते, आणि ती दवडणे हे त्याच्याच हिताविरुद्ध आहे. सीमेवर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. मध्य प्रदेशात किमान वय सरसकट २१ असल्याने कटंगीचा २२ वर्षांचा तरुण आपल्या गावी व्हिस्की कायदेशीरपणे विकत घेऊ शकतो, पण नदी ओलांडून आल्यावर त्याला तीच व्हिस्की देणे हा महाराष्ट्रातील व्यवस्थापकाचा नियमभंग ठरतो. गिऱ्हाईकाला यात अन्याय वाटतो, तो हुज्जत घालतो, आणि व्यवस्थापकाला आधार कार्डावरची जन्मतारीख दाखवून ठाम राहावे लागते. आणखी एक तपशील सीमेकडे पाहण्यास भाग पाडतो : मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना जोडून असलेले अहाते, म्हणजे विकत घेतलेली दारू तेथेच बसून पिण्याच्या जागा, बंद केले, त्यामुळे बसून पिण्याची जागा शोधणाऱ्याला सीमेपलीकडचा बार जवळचा वाटला तर नवल नाही.

अठरा वर्षांखालील मुलाला मद्य दिल्यास प्रश्न मद्यकायद्यापुरता राहत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ विधिवत पात्र वैद्यकाच्या आदेशाशिवाय बालकाला मादक द्रव्य देणाऱ्यास अथवा देण्यास कारणीभूत होणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. या कलमात अनुज्ञप्तीधारक आणि नोकर असा भेद नाही. ज्याच्या हातून पेला गेला तो आणि ज्याने जाऊ दिला तो, दोघेही त्यात येतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा या कलमाचा अर्थ राज्यातील प्रत्येक बार व्यवस्थापकाला प्रथमच नीट समजला. अपघातापूर्वी त्या मुलाला ज्या दोन ठिकाणी मद्य दिल्याचा आरोप होता, तेथील मालकी व व्यवस्थापनाशी संबंधित व्यक्तींना पोलिसांनी बाल न्याय अधिनियमाखाली अटक केली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्या जागांना टाळे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत वरळी येथे झालेल्या मोटार अपघातानंतर त्यातील आरोपीला आदल्या रात्री मद्य पुरवणाऱ्या जुहूच्या बारवर उत्पादन शुल्क विभागाने कारवाई केली. तेथे गिऱ्हाईक सज्ञान होते. तीव्र मद्यासाठी लागणारी पंचवीस वर्षे मात्र त्याने पूर्ण केलेली नव्हती. वयाची खात्री ही औपचारिकता समजणाऱ्यांसाठी या दोन घटनांपेक्षा मोठा पुरावा लागू नये.

नाकारण्याचा दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे, कारण त्यात कागद पाहून निर्णय होत नाही. आधीच धुंद झालेल्या माणसाला आणखी मद्य द्यावे काय, आणि तो मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन निघाला तर काय करावे, या दोन प्रश्नांना भारतीय कायदा अर्धवटच उत्तर देतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश असताना वाहन चालवणे हा अपराध आहे आणि कलम १८८ त्या अपराधाला साहाय्य करणाऱ्यालाही शिक्षेच्या कक्षेत आणते. पण केवळ मद्य विकणे म्हणजे साहाय्य करणे असा अर्थ येथे सहजासहजी लावला जात नाही. इतर देशांत न्यायालयांनी अधिक स्पष्ट भूमिका घेतली आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मेनाऊ प्रकरणात असा निर्णय दिला की, नेहमीच्या गिऱ्हाईकाची पिण्याची सवय माहीत असतानाही त्याला पाजत राहून नंतर रात्री महामार्गाच्या कडेला बाहेर काढणारे हॉटेल, त्याला मोटारीने धडक दिल्यास त्या दुखापतीच्या भरपाईस अंशतः बांधील असते. इंग्लंड व वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने धुंद व्यक्तीला जाणूनबुजून मद्य विकणे हा स्वतंत्र अपराध ठेवला आहे. भारतात पीडिताने बारकडून नुकसानभरपाई मागावी असा सिद्धान्त अजून रुजलेला नाही. तो रुजला पाहिजे, कारण तोवर धुंद गिऱ्हाईकाला थांबवण्यात व्यवस्थापकाचा फायदा कोठेच नोंदला जात नाही. गल्ल्यातली घट मात्र त्याच रात्री दिसते. नाकाडोंगरीच्या परिसरात रस्त्यावर दिवे थोडे, रस्ता जंगलातून जाणारा, आणि खाणीच्या पाळीसाठी पहाटे निघणारे लोक त्याच रस्त्यावर. तेथे किल्ली काढून घेणारा व्यवस्थापक कायद्याने सांगितलेल्या कर्तव्यापेक्षा अधिक काहीतरी करत असतो, आणि कायद्याने ते त्याचे कर्तव्य म्हणूनच लिहून ठेवायला हवे.

मद्य कोठून आले, हा तिसरा आणि सीमेवरचा खास प्रश्न. परराज्यातील मद्य योग्य परवानगी व पासशिवाय महाराष्ट्रात आणणे, बाळगणे किंवा विकणे हा अधिनियमाच्या कलम ६५ खालील अपराध आहे, आणि दोन राज्यांचे कर वेगळे असल्याने किमतीतही तफावत पडते. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क लक्षणीय वाढवल्यानंतर चोरट्या मालाचा मोह वाढणे स्वाभाविक आहे. बाटली हातात घेतल्यावर व्यवस्थापकाने पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : लेबलावर कोणत्या राज्यातील विक्रीसाठी असा मजकूर आहे, बुचावरची पट्टी अखंड आहे काय, आणि बॅच क्रमांक पुरवठ्याच्या बिलाशी व वाहतूक पासाशी जुळतो काय. रात्री दुकान बंद करताना नोंदवहीतील शिल्लक आणि फडताळावरच्या बाटल्या जुळल्या पाहिजेत. एखादी बाटली जास्त भरली तर ती कमी भरण्याइतकीच धोक्याची असते, कारण नोंद नसलेला साठा कोठून आला याचे समाधानकारक उत्तर देण्याचा भार ज्याच्या ताब्यात तो सापडला त्याच्यावर येतो. मापाची जबाबदारीही याच ठिकाणी येते. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली ३० व ६० मिलीलीटरची मापे पडताळणी होऊन मुद्रांकित केलेली असावी लागतात, आणि दारूबंदी अधिनियमाचे कलम ७७ योग्य मापे न ठेवणाऱ्या धारकाबरोबर त्याच्या नोकरालाही दंडास पात्र ठरवते. अर्ध्या पेगची चोरी क्षुल्लक वाटते, पण ती रोज आणि गरीब गिऱ्हाईकाकडून होते.

विक्री बंद ठेवण्याचे दिवस सर्वांना माहीत असतात असे गृहीत धरले जाते, तथापि निवडणुकीच्या काळात चूक सहज होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १३५-ग मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास मतदान क्षेत्रात मद्यविक्रीस मनाई करते आणि भंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. १९ एप्रिल २०२४ रोजी भंडारा-गोंदिया आणि बालाघाट या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाल्याने नदीच्या दोन्ही तीरांवर बंदी एकाच वेळी आली. विधानसभेला मात्र मध्य प्रदेशात १७ नोव्हेंबर २०२३ आणि महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ असे वर्षभराचे अंतर होते. शेजारच्या राज्यात मतदान असताना सीमेलगतच्या पट्ट्यातही प्रशासन अनेकदा विक्री बंद ठेवण्याचा आदेश काढते, तेव्हा ‘आपल्याकडे निवडणूक नाही’ हे उत्तर चालत नाही. जिल्हाधिकाऱ्याचा आदेश कोणत्या दिवशी आला आणि तो कोणी वाचला, याची नोंद ठेवणे हे व्यवस्थापकाचेच काम.

जागेच्या अंतराचा प्रश्न मुळात मालकाचा असला तरी त्याची झळ नोकरांना लागते. तमिळनाडू राज्य विरुद्ध के. बालू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली, ३१ मार्च २०१७ रोजी २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर २२० मीटर केले, आणि २३ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामपंचायत हद्दीतील काही भागांना शहरी भागांप्रमाणे सूट द्यायची की नाही हे ठरवण्याची मोकळीक राज्यांना दिली. त्या वर्षभरात राज्यभर अनेक बार बंद पडले, पुन्हा उघडले, आणि मधल्या काळातील नोकरांच्या वेतनाची चर्चा कोठेच झाली नाही.

गावाची संमती हा महाराष्ट्रातील वेगळा आणि अभिमान वाटावा असा विषय आहे. शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडल्यास दुकान बंद होते. याच विदर्भात वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाबंदी आहे, तर चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला येऊन २०२१ मध्ये उठली. भंडारा जिल्ह्यात विक्री खुली आहे, म्हणून येथे निर्णयाचा खरा रेटा गावपातळीवर येतो. आडव्या बाटलीपर्यंत गोष्ट कशाने जाते, याचा शोध घेतला तर दुकानापेक्षा दुकानातले वागणे हेच कारण बहुधा पुढे येते : शाळेच्या वेळी रस्त्यावर लागणारी गर्दी, उधारीवर मजुरी गिळणारी वही, बाहेर पडून बायकापोरांवर हात उगारणारे गिऱ्हाईक. यापैकी पहिल्या दोन गोष्टी पूर्णपणे व्यवस्थापकाच्या हातात असतात. उधारीचे खाते उघडणे आणि पगाराच्या दिवशी ते वसूल करणे हा व्यवहार कायद्याच्या पोथीत ठळक नसला, तरी त्याची किंमत गावातल्या स्त्रिया मोजतात आणि मतपत्रिकेवर तिचे उत्तर देतात.

आगीच्या बाबतीत व्यवस्थापकाची जबाबदारी जिवाशी येऊन ठेपते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील दोन उपाहारगृह-बारना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले आणि मालकांबरोबर व्यवस्थापकांनाही सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली अटक झाली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ बळी गेले, त्यांत बहुसंख्य तेथेच काम करणारे होते. सुरुवातीच्या काही तासांत पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत व्यवस्थापक होते, तर मालक तोवर देशाबाहेर गेले होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालक किंवा भोगवटादार यांच्यावर अग्निसुरक्षेची साधने चालू ठेवण्याची आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, तसे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी टाकतो. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष ताब्यात असलेला. हा शब्द व्यवस्थापकाच्या फार जवळ जातो. लहान गावातील बारमध्ये मागचे दार रिकाम्या क्रेटनी अडलेले नाही ना, एवढे रोज पाहणे ही त्या कायद्याची सर्वांत सोपी अंमलबजावणी.

दारूबंदी अधिनियम ज्याचे नाव घेत नाही त्याचे नाव इतर कायदे स्पष्टपणे घेतात, ही तुलना उद्बोधक आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी करणारे २००८ चे केंद्रीय नियम मालक, व्यवस्थापक, पर्यवेक्षक किंवा त्या जागेचा प्रभारी यांना थेट जबाबदार धरतात, आणि धूम्रपान चालू दिल्यास जितके अपराध आढळतील तितका दंड प्रभारीला होऊ शकतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ कंपनीला एक जबाबदार व्यक्ती लेखी नामनिर्देशित करू देतो, आणि तशीच तरतूद वैध मापनशास्त्र अधिनियमातही आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम कामाच्या जागेचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्याकडे आहे त्यालाही ‘नियोक्ता’ म्हणतो. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या बारमधील स्त्री कर्मचाऱ्याला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि हे तिला सांगणे व्यवस्थापकाने टाळू नये. स्त्रियांना बारमधून हद्दपार करणे हा त्यांच्या सुरक्षेचा मार्ग नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात आणि पुढे २०१३ व २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या डान्स बारसंबंधीच्या निर्णयांत वेगवेगळ्या अंगांनी सांगितले आहे.

या सर्व जबाबदाऱ्या एकत्र ठेवल्या की व्यवस्थेतील मूळ दोष दिसतो. किमान दहा-बारा कायद्यांची टोके ज्या एका माणसाच्या हातात येतात, त्याला मद्यविक्रीच्या जबाबदारीचे प्रशिक्षण सक्तीचे नाही. इंग्लंड व वेल्समध्ये मद्यविक्रीच्या प्रत्येक जागेसाठी एक नामनिर्देशित पर्यवेक्षक असावा लागतो, त्याच्याकडे मान्यताप्राप्त पात्रतेवर मिळणारे वैयक्तिक लायसन्स असते, आणि ते दुकानाच्या लायसन्सपेक्षा वेगळे असल्यामुळे मालक बदलला तरी त्याची पत आणि त्याची चूक त्याच्याबरोबर जाते. महाराष्ट्रात प्रवाह उलट दिशेने वाहू लागला आहे : जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाढीव शुल्क घेऊन एफएल-२ व एफएल-३ अनुज्ञप्त्या करारावर दुसऱ्याला चालवण्यास देण्याची मुभा मंजूर केली. आजवर पडद्याआड होणारा व्यवहार यामुळे कागदावर येईल, हा त्यातला फायदा मान्य करावाच लागतो. पण धारक, चालवणारा आणि व्यवस्थापक अशी तिसरी पायरी तयार झाल्याने प्रत्यक्ष अपराधी शोधताना सर्वांत खालच्या पायरीवर बोट ठेवणे आणखी सोपे होईल.

याला उपाय अवघड नाही आणि त्यासाठी अधिनियमात मोठ्या दुरुस्तीचीही वाट पाहावी लागत नाही. नोकरनाम्याच्या नमुन्यात तीन गोष्टी वाढवाव्यात : वय, धुंदी किंवा मालाच्या संशयावरून विक्री नाकारण्याचा व्यवस्थापकाचा स्पष्ट अधिकार, तसे नाकारल्याबद्दल त्याला कामावरून काढले जाणार नाही ही धारकाची लेखी हमी, आणि नोकरनामा मंजूर होण्यापूर्वी उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयात घ्यायचे एक दिवसाचे मराठी प्रशिक्षण. भंडारा येथील अधीक्षक कार्यालयाला हे काम वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी, ३१ मार्चपूर्वी, सहज करता येईल. सीमेवरच्या तुमसर तालुक्यापासून त्याची सुरुवात करावी, आणि नूतनीकरणाचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक धारकाने यंदा शुल्काच्या चलनाबरोबर आपल्या व्यवस्थापकाच्या नावे असे एक अधिकारपत्र स्वतःहून जोडावे.